मुअल्लिम नखलेंच्या डोळ्यातले द्रूझ

बैरूतच्या वरच्या अंगाला, शूफच्या डोंगरावरच्या आमच्या कफरलोझ गावात अर्धी घरं आम्हा द्रूझ पंथाच्या लोकांची आणि अर्धी ख्रिश्चनांची. दोघांचे सण वेगळे, उपास वेगळे, आणि सोयरीक तर चुकूनही एकमेकांत व्हायची नाही. एका बाबतीत मात्र सगळ्या गावाचा धर्म एकच होता. भिंत सरळ आहे की नाही, हे मुअल्लिम नखले सांगतील. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. दगडाचे गवंडी, वय शहात्तर, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, आणि स्वभाव असा की चर्चच्या घंटेलाही ती बेसूर आहे म्हणून तोंडावर सांगतील.

भिंत उभी राहिली की ओळंबा सोडायच्या आधी मुअल्लिमना बोलावणं जायचं. ते हात पाठीशी बांधून येत, भिंतीच्या एका टोकाला उकिडवे बसत, डावा डोळा मिटत आणि उजव्याने कडेवरून नजर टाकत. डावा तसाही नावापुरताच होता. विशीत छिन्नीखालची कपची उडून त्यात गेली होती. सगळा कारभार उजव्याचा. मग ते उठून निकाल देत, आणि त्या निकालावर अपील नसे. एकदा तर एका लग्नात, ऐन प्रार्थना चालू असताना, नवरा मुलगा डावीकडे झुकलाय असं त्यांनी त्याच्या बापाला सांगितलं. बाप चिडला. दोन वर्षांनी त्या पोराची कंबर दुखायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी मापं घेऊन सांगितलं की त्याचा डावा पाय खरंच आखूड आहे.

असा हा माणूस माझ्या बाबांचा जिवलग मित्र. बाबांचं नाव सलमान, वय चौऱ्याहत्तर, धंदा सफरचंदांचा. दोघांची घरं लागून. रोज सकाळी सातला मुअल्लिम आमच्या अंगणात मत्ते प्यायला येत. मत्तेचा पाला भोपळ्याच्या भांड्यात भरायचा, वर गरम पाणी ओतायचं, एकाच धातूच्या नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं, आणि नळी पुढच्याला देताना लिंबाच्या सालीने पुसायची. आमच्या दोन समाजांच्या युद्धात गावातले सगळे ख्रिश्चन डोंगर सोडून गेले होते. दहा वर्षांनी मुअल्लिम परत आले तेव्हा त्यांचं घर पडलेलं होतं, पण एकही दगड चोरीला गेला नव्हता, कारण बाबा रोज संध्याकाळी त्या ढिगाऱ्यावर खुर्ची टाकून बसत. याबद्दल दोघं कधी बोललेले मी ऐकले नाहीत. मत्ते मात्र प्यायचे.

गेल्या वसंतात दोन्ही अंगणांमधली कमरेएवढी भिंत बर्फाने ढासळली आणि बाबांनी ती नव्याने बांधून घेतली. मुअल्लिम बघायला आले, बसले, डोळा मिटला.

"मधे पोट आलंय," ते म्हणाले.

"कुणाला?" बाबांनी विचारलं.

"भिंतीला. तुझं आधीपासूनच आहे."

बाबांना वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नाही म्हटल्यावर त्यांनी दोरी आणून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. दोरी भिंतीला चिकटून बसली. मुअल्लिम पुन्हा उकिडवे बसले.

"दोरीपण वाकडी आहे."

"ताणलेली दोरी वाकडी कशी असेल रे, नखले?"

"ते दोरीला विचार."

"मग सूर्यपण वाकडा उगवतो म्हण."

"तुझ्या बाजूने उगवतो ना, काय सांगावं," मुअल्लिम म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते मत्तेला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबा एकटेच प्यायचे, आणि नळी पुढे द्यायला कुणी नसलं तरी दर घोटाला लिंबाच्या सालीने पुसायचे. विचारलं तर म्हणायचे, सवय आहे.

मी हियाम, त्यांची धाकटी मुलगी; मुअल्लिमना मी अम्मो, म्हणजे काका म्हणते. आठवडाभर खाली शहरात असते, डोळ्यांच्या दवाखान्यात. लोकांची हनुवटी यंत्रावर टेकवून त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणं हे माझं काम. शनिवारी घरी आले की दर वेळी नवी बातमी असायची. मुअल्लिमनी गावातल्या उम्म लतूफचं कोंबड्यांचं खुराडं पाडायला लावलं. तिने पुन्हा बांधलं, ते पुन्हा पाडायला लावलं. कोंबड्या अंजिराच्या झाडावर राहायला गेल्या. मग मुअल्लिमना चर्चची पायरी मधे खचलेली दिसली, मग विजेचा खांब कमरेत वाकलेला दिसला. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं, कारण साठ वर्षं अंगणच वाकडं निघत आलं होतं. पण खांबाचं ऐकलं आणि मी सावध झाले. सरळ रेषा मधेच वाकड्या दिसायला लागतात तेव्हा काय झालेलं असतं, हे मी दिवसातून दहादा बघते.

दवाखान्यात चला म्हटलं असतं तर ते आले नसते. म्हणून मी सांगितलं, अम्मो, आमच्याकडे एक यंत्र आहे, ते रेषा काढतं, आणि त्या सरळ येतात की नाही हे आमच्यात कुणालाच कळत नाही. ते टाय बांधून आले. आधी यंत्राला एक फेरी मारली आणि टेबल डावीकडे उतरलंय म्हणाले. उतरलेलंच होतं. हे त्यांनी डोळ्याने नाही, टेबलावर हात ठेवून ओळखलं. मी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. त्यानंतर कुठे त्यांनी हनुवटी टेकवली.

आमचे डॉक्टर गत्तास बैरूतचे, शिकलेले जर्मनीत, हुशार, पण बोलतात स्क्रीनशी. फोटो बघता बघता ते म्हणाले, "पडद्याखाली द्रूझन आहेत."

मुअल्लिमनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची डॉक्टरांकडे सरकवून आवाज खाली आणला.

"किती?"

"बरेच. उजव्यात जास्त. मोठे आहेत, मऊ आहेत."

"मऊ," मुअल्लिम म्हणाले. "तुमची त्यांच्याशी ओळख नाही, डॉक्टर."

"मध्यभागी जमलेत. शेजारशेजारचे एकमेकांत मिसळून गेलेत."

"मिसळणारच. लग्नं आपापसातच करतात."

"वर्षानुवर्षं असतील. शांतपणे राहतात, माणसाला पत्ता लागत नाही. तुमच्या घराण्यात कुणाला होते का?"

मुअल्लिम ताठ झाले. "आमचं घराणं आठ पिढ्या बाप्तिस्मा घेतलेलं आहे."

डॉक्टरांनी हे लिहून घेतलं की नाही, देव जाणे. मुअल्लिमनी घसा खाकरला. "काढता येतील?"

"कुणी काढत नाही. त्यांच्यासोबत राहायचं असतं. चिंता त्यांची नाही, त्यांच्या आडून पाणी शिरलंय त्याची आहे."

मुअल्लिमनी टायची गाठ सैल केली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "हियाम, तुझ्या बापाला सांगू नकोस. तो म्हणेल, दहा वर्षं तुझे दगड राखले, आता डोळाही आमचाच."

मला हसू आवरेना. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मी दोघांना दोन बाजूंनी समजावलं. डॉक्टरांना, की या डोंगरात हा शब्द जपून वापरावा. मुअल्लिमना, की हा जर्मन डॉक्टरी शब्द आहे, आमचा त्याच्याशी संबंध नाही. वय झालं की पडद्याच्या तळाशी पिवळट गाळ साठतो, त्याच्या गुठळ्यांना तसं म्हणतात. मुअल्लिमनी ऐकून घेतलं, पण त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात सुई द्यावी लागेल, महिन्याला एक, आधी तीन, आणि लवकर. नाहीतर बघाल तिथे मधोमध काळा डाग राहील. कडा दिसतील, पण समोरच्याचं तोंड दिसणार नाही. भिंत तर नाहीच. मुअल्लिमनी नको म्हणून सांगितलं. डोळा ठीक आहे, हल्ली बांधकामंच वाईट होतात. ते सुईला घाबरत नव्हते, हे मला कळत होतं. डोळा वाकडा म्हटलं की वसंतापासूनचा प्रत्येक निकाल वाकडा ठरत होता. पहिला निकाल माझ्या बापाच्या भिंतीचा.

नियम असा आहे की आम्ही फोटो काढावेत, तोंड उघडू नये. मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, दार लावलं आणि त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद मोठ्या स्क्रीनवर लावला. म्हटलं, या वेळी उजवा मिटा, डाव्याने बघा. ते अंधुक डोळ्याने स्क्रीनला नाक लावून बसले.

"कुठली भिंत आहे ही?"

"बघा आणि सांगा."

"बांधणारा जाणकार आहे," ते सावकाश म्हणाले. त्यांचं बोट थरांवरून फिरू लागलं. "वरचे थर कसे नेमके बसवलेत. पण हा सगळ्यात खालचा थर बघ. त्याच्याखाली काहीतरी अडकलंय. इथे, इथे, आणि इथे तर मोठा ढीग. त्यामुळे वरचं सगळं उचललं गेलंय. आणि हा काळा खिसा म्हणजे पाणी. बाहेर जायला भोकं ठेवली नाहीत. गाढव आहे लेकाचा."

"कोण?"

"बांधणारा."

"बांधणारा वर बसलाय, अम्मो. भिंत तुमची आहे. तुमच्या उजव्या डोळ्याची."

त्यांचं बोट त्या काळ्या खिशावर तसंच राहिलं. बाहेर कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं.

"म्हणजे सलमानची भिंत?"

"सरळ आहे."

"आणि उम्म लतूफचं खुराडं?"

"सरळ होतं. दोन्ही वेळा."

"अरेरे, त्या कोंबड्या," मुअल्लिम म्हणाले. मग उठून त्यांनी कोट नीट केला. "आधी पाणी काढा. पाणी असेपर्यंत भिंतीला हात लावून उपयोग नसतो."

पहिली सुई त्यांनी हूं की चूं न करता घेतली आणि घरी जाऊन दार लावून बसले. कुणी भिंत बघायला बोलावलं तर गुडघा दुखतोय म्हणून सांगत. मी एका शनिवारी गेले तेव्हा म्हटलं, एकदा जाऊन बाबांना सांगून टाका, ते काय तुम्हाला खातील? ते म्हणाले, सांगणार, पण माझ्या डोळ्याने ती सरळ दिसेल तेव्हा. न बघता माफी मागणं म्हणजे न बघता भिंत पास करणं. तसं मी कधी केलं नाही. आणि नाहीच दिसली, तर मग मी मुअल्लिम राहिलो नाही, तेव्हा काय बोलायचं ते बघू. हे शेवटचं त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं. त्यांची मला त्या क्षणी फार दया आली, आणि दया आलेली त्यांना कळली असती तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

माझ्या पोटात काही राहत नाही. बाबांना मी सगळं सांगितलं. डोळ्यातल्या द्रूझांवर ते रात्रीच्या जेवणापर्यंत हसत होते. चला, आपल्या लोकांची कुठेतरी एकदाची निवांत वस्ती झाली म्हणाले. मग एकदम त्यांनी विचारलं, त्याला भिंत कुठल्या बाजूला वाकलेली दिसते? मी सांगितलं, मधोमध, आपल्या बाजूला. का विचारताय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या शनिवारी येऊन बघते तर काय, बाबांनी भिंतीचा मधला भाग उतरवून स्वतःच्या हाताने पुन्हा रचला होता, मुअल्लिमांच्या अंगणाकडे चार बोटं ढकलून. आयुष्यात सफरचंदाच्या पेट्यांखेरीज काही रचलेलं नाही या माणसाने. तळहाताला फोड आले होते.

"आता त्याला बरोब्बर सरळ दिसेल," ते म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. त्यांना म्हटलं, सुया चालू आहेत, पाणी ओसरलं की डोळा सरळ होईल, मग ही भिंत कशी दिसेल? ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. आज तो घरात कोंडून बसलाय. एकदा बाहेर आला, भिंत सरळ दिसली, की समोर येऊन बसेल, मत्ते पिईल. मला एवढंच पाहिजे.

पण मुअल्लिम बाहेर आलेच नाहीत. भिंत पोट काढून उभी राहिली. मग सफरचंदाचा तोडा सुरू झाला आणि ती पुन्हा सरळ करायचं राहून गेलं. दर शनिवारी मी आठवण करायचे, दर शनिवारी बाबा पुढच्या शनिवारवर ढकलायचे.

तिसऱ्या सुईनंतर महिन्याने पुन्हा फोटो काढला. काळा खिसा नाहीसा झाला होता. वरचे थर खाली येऊन जागेवर बसले होते. तळाशी गुठळ्या होत्या तशाच होत्या. डॉक्टर गत्तास पहिल्यांदाच स्क्रीन सोडून माणसाकडे बघून बोलले. पाणी ओसरलंय, पण ते परत कधीही शिरू शकतं, तपासायला येत राहा. बाकीचे जागच्या जागी आहेत, असंही म्हणाले. या वेळी त्यांनी शब्द टाळला.

"द्रूझ राहू देत," मुअल्लिम म्हणाले. "त्यांची अडचण नाही."

शनिवारच होता. मी त्यांना गाडीतून गावी आणत होते आणि ते वाटेत एकच वाक्य पुटपुटून घोकत होते. गावाच्या पहिल्या वळणावर म्हणाले, घरी नको, सरळ भिंतीपाशी ने. मी बाबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. त्यांचा फोन बहुधा मत्तेच्या डब्यात असतो. मग मी म्हटलं, अम्मो, आधी जेवून घेऊ, भाजलेलं कोंबडं खाऊ. ते म्हणाले, कोंबड्यांचं नाव काढू नकोस.

बाबा भिंतीजवळ स्टूल टाकून बसलेले. मुअल्लिमना बघून ते उभे राहिले. मुअल्लिम भिंतीच्या टोकाला गेले, उकिडवे बसले, डावा डोळा मिटला.

ते खूप वेळ बघत राहिले. बघता बघता त्यांची मान खांद्यांत गेली. पोट होतं तिथेच होतं, फक्त बाजू बदलून आलेलं. बाबा आशेने त्यांच्याकडे बघत होते. शेवटी मुअल्लिम भिंतीला धरून उठले.

"सलमान, भिंत सरळ आहे," ते म्हणाले. "तेव्हाही सरळच होती. वाकडा होता तो माझा डोळा."

"सरळच आहे," बाबा म्हणाले. "मी तेव्हाच म्हणत होतो."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. बाबांचा चेहरा असा खुलला होता की बघवत नव्हतं. आणि त्यांच्या खांद्यावरून मुअल्लिम मला कसंबसं म्हणाले, "हियाम, सुया वाया गेल्या. पाणी परत शिरलंय."

त्या माणसाने साठ वर्षांत वाकडी भिंत कधी सरळ म्हटली नव्हती. माझ्या बापासाठी त्याने ती म्हटली होती, तीही आपला डोळा गेला असं समजून. आता गप्प राहणं मला शक्य नव्हतं.

"अम्मो, डोळा ठीक आहे," मी म्हटलं. "भिंत वाकडी आहे. बाबांनी ती तुमच्यासाठी वाकडी केली. तुमच्या त्या डोळ्याला सरळ दिसावी म्हणून."

बाबा जमिनीकडे बघू लागले. "चारच बोटं आहे," ते म्हणाले.

मुअल्लिम पुन्हा वळले. त्यांनी भिंतीच्या पोटावरून हात फिरवला, एकेका दगडावरून, टोकापर्यंत आणि परत. ते रडत होते. मी लहानपणापासून त्यांना ओळखते, त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"हा दगड कुणी लावला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"उलटा लावलायस. तोंड आत आणि पाठ बाहेर. आणि हा त्याच्यावर सांध्यावर सांधा. अशी भिंत बकरीने शिंग लावलं तरी पडेल."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ते दिसतंय," मुअल्लिम म्हणाले. त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "पाणी परत कधीही शिरू शकतं, डॉक्टर म्हणाला. तेव्हा गावातल्या भिंती बघायला कुणीतरी पाहिजे. चल, इकडे ये. एक डोळा मीट."

"कुठला?"

"मला काय विचारतोस? वाईट असेल तो."

बाबांनी आधी डावा मिटून पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मग चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे बाबा गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, मुअल्लिमांच्या शेजारी उकिडवे बसले.